मूळपेशी प्रत्यारोपणानंतर १८० वा दिवस: काइमेरिझम ९९ वरून ९४ टक्क्यांवर आला, आता काय पाहायचे?

पऱ्हाटी | १६ जुलै, रात्री ९.५०

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. घरची सात एकर कोरडवाहू शेती आहे. माझ्या धाकट्या भावाला, वय १९, मागच्या वर्षी बी-सेल एएलएल प्रकारचा रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि त्याच तपासणीत फिलाडेल्फिया गुणसूत्रही सापडले. औषधांनी आजार आटोक्यात आल्यावर या वर्षी ९ जानेवारीला मुंबईत त्याचे मूळपेशी प्रत्यारोपण झाले. दाता मीच होतो, कारण आमची जुळणी पूर्ण निघाली. ज्या दिवशी माझ्या पेशींची पिशवी त्याला चढवली तो दिवस शून्य धरायचा आणि तिथून मोजत जायचे, असे तिथल्या सिस्टरांनी सांगितले होते. तेव्हापासून आमच्या घरात तारखेऐवजी दिवसच मोजले जातात.

तिसाव्या दिवशी काइमेरिझमच्या रिपोर्टमध्ये भावाच्या रक्तात माझ्या पेशी १०० टक्के होत्या, शंभराव्या दिवशी ९९ टक्के. ८ जुलैला १८० वा दिवस होता. त्या दिवशी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट काल फोनवर आला, त्यात ९४ टक्के लिहिले आहे. बीसीआर-एबीएल, म्हणजे फिलाडेल्फिया गुणसूत्रावरच्या जनुकाच्या तपासणीचा रिपोर्ट अजून यायचा आहे. सीबीसी चांगला म्हणावा असाच आहे: हिमोग्लोबिन १२.१, पांढऱ्या पेशी ५,२००, प्लेटलेट १ लाख ४८ हजार. मात्र मे महिन्यात प्लेटलेट १ लाख ९० हजार होत्या. भावाला ताप नाही, भूक चांगली आहे, संध्याकाळी तो सायकलने विहिरीपर्यंत जाऊन येतो. त्यामुळे आई म्हणते, "पोरगं त धडधाकट दिसते, मंग कायले पुन्हा पुन्हा ममईले नेता?" तिला काय उत्तर द्यावे हे मला सुचत नाही, कारण मलाच नीट समजलेले नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी २१ तारखेला बोलावले आहे. तोपर्यंत मला एवढेच जाणून घ्यायचे आहे की ९४ म्हणजे आजार परत आला असे समजायचे का. आणि नसेल, तर तो परत येत आहे की नाही हे आमच्यासारख्यांनी गावात राहून कशावर ओळखायचे.

सूक्ष्मदर्शक | १६ जुलै, रात्री ११.२०

पऱ्हाटीभाऊ, मी नागपुरातील एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. उपचाराचा निर्णय तुमचे डॉक्टर घेतील. परंतु हा आकडा कशाचा आहे ते मी सांगू शकतो.

काइमेरिझमच्या चाचणीत रक्तातील पेशी कोणाच्या आहेत एवढेच मोजतात. त्या निरोगी आहेत की रोगट, हे त्यातून कळत नाही. प्रत्येकाच्या डीएनएमध्ये काही ठिकाणी एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो आणि त्याच्या आवृत्त्यांची संख्या माणसागणिक बदलते. सख्ख्या भावांमध्येही काही ठिकाणी हा फरक सापडतोच. प्रत्यारोपणापूर्वी तुम्हा दोघांचे नमुने घेऊन असे फरक नोंदवून ठेवलेले असणार, आणि आता भावाच्या रक्तात तुमची खूण किती व त्याची स्वतःची किती हे पाहिले जाते. म्हणजे शंभरातील सहा पेशी पुन्हा त्याच्या मूळच्या आहेत. त्या सहाच्या सहा कर्करोगाच्या आहेत असा याचा अर्थ नाही. त्याच्या जुन्या मज्जेतील साध्या पेशीही त्यात असू शकतात. शिवाय ही चाचणी साधारण एक ते पाच टक्क्यांच्या खालचे नीट पकडत नाही, म्हणून १०० आणि ९९ यांत तुम्ही फरक मानू नका. ९९ आणि ९४ यांत मात्र फरक आहे. एकच आकडा पाहून ठरवायचे नसते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासून तो कोणत्या दिशेने सरकतो हे पाहावे लागते. डॉक्टर कदाचित पेशींचे प्रकार वेगळे करून तीच चाचणी सांगतील. रुग्णाच्या पेशी फक्त टी-पेशींत, म्हणजे सीडी३ गटात, वाढल्या असतील तर एक अर्थ निघतो. सीडी३४ या कोवळ्या पेशींच्या गटात वाढल्या असतील तर काळजी अधिक असते.

आजार खरोखर किती उरला आहे हे पाहण्याची तपासणी वेगळी असते, तिला एमआरडी म्हणतात. मज्जेत शंभरात पाचपेक्षा कमी ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व पेशी, असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली ती साफ म्हणावी लागते. फ्लो सायटोमेट्री, म्हणजे यंत्रातून एकेक पेशी तपासण्याची पद्धत, दहा हजारांत एक रोगट पेशी शोधू शकते. तुमच्या भावाच्या आजाराला बीसीआर-एबीएल ही स्वतःची ठळक खूण आहे, त्यामुळे पीसीआरने लाखात एकापर्यंतही पोहोचता येते. ही खूण सर्वांच्या आजारात नसते. म्हणून या घडीला ९४ पेक्षा जो रिपोर्ट यायचा आहे, तो अधिक महत्त्वाचा आहे.

आता एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण आमच्याकडे येणारे नमुने याच कारणाने वाया जातात. मज्जा काढताना सुईतून पहिल्यांदा जे दोन-तीन मिलिलिटर येते, तेच एमआरडीसाठी जायला हवे. नंतरच्या ओढीत रक्त मिसळत जाते, मज्जा पातळ होते, आणि मग आजार असूनही "आढळला नाही" असा रिपोर्ट येऊ शकतो. डॉक्टरांना नम्रपणे विचारा की पहिली ओढ कोणत्या नळीत जाणार आहे. त्यांना राग येणार नाही. जांभळ्या टोपणाची नळी भरल्यावर आठ-दहा वेळा हलकेच उलटीपालटी करायची असते. फ्लोचा नमुना साध्या खोलीच्या तापमानाला ठेवून २४ तासांत, फार तर ४८ तासांत पोहोचला पाहिजे. तो बर्फावर ठेवायचा नाही आणि उन्हातही नाही. मागच्या मे महिन्यात एका संकलन केंद्रातून असाच एक नमुना आला होता. नळी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेली, तिच्यावर बाष्पाचे थेंब होते, आणि आतल्या निम्म्या पेशी मेलेल्या होत्या. त्या मुलाच्या पाठीत दुसऱ्यांदा सुई टोचावी लागली.

तालुक्याचा डॉक्टर | १७ जुलै, सकाळी ७.१०

मी अमरावती विभागातील एका तालुक्याच्या गावी औषधवैद्यकाचा व्यवसाय करतो. रक्तविकारतज्ज्ञ नाही, पण प्रत्यारोपण झालेले दोन रुग्ण माझ्याकडे मधल्या तपासण्यांसाठी येतात. सूक्ष्मदर्शकांनी लिहिलेल्यात माझी भर एवढीच.

प्रत्यारोपणानंतर आजार उलटण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असतो, त्यातही पहिल्या वर्षात अधिक. म्हणून या काळातील तारखा इतक्या जवळजवळ असतात. आईंना सांगा की मुलगा धडधाकट दिसत असतानाच मुंबईला न्यायचे असते, कारण अंगावर खुणा उमटेपर्यंत थांबले तर उपायांची यादी आखूड होते.

प्लेटलेट १ लाख ९० हजारांवरून १ लाख ४८ हजारांवर येणे एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पावसाळ्यात आपल्या भागात डेंग्यू असतो, स्क्रब टायफस असतो. शिवाय प्रत्यारोपणानंतर दिली जाणारी को-ट्रायमॉक्साझोलसारखी औषधेही पेशी कमी करतात. परंतु या मुलाच्या बाबतीत "साथीचा ताप असेल" म्हणून आठवडा घालवण्याची मुभा आपल्याला नाही. सीबीसी यंत्रावर झाला की तेवढ्यावर समाधान मानू नका. काचेवर रक्ताचा पातळ थर, म्हणजे स्मिअर, काढून ती पॅथॉलॉजिस्टने स्वतः पाहावी, आणि मागणीच्या कागदावर "ल्युकेमिया, प्रत्यारोपणानंतर" असे स्पष्ट लिहिलेले असावे. ते लिहिले नसेल तर तुरळक ब्लास्ट नजरेतून सुटू शकतात.

सर्वांत कळकळीची विनंती अशी की गावात ताप, अंगदुखी किंवा पुरळ आल्यास कोणाकडूनही डेक्सामेथासोन किंवा दुसरे स्टिरॉइड टोचून घेऊ नका. आपल्याकडे हे इंजेक्शन अगदी सर्रास दिले जाते. एएलएलच्या रोगट पेशी स्टिरॉइडने काही काळ मरतात, त्यामुळे दोन दिवस बरे वाटते, रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि उलटत असलेला आजार झाकला जातो. पुढे मज्जा तपासली तरी चित्र धूसर येते. प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनी स्वतः स्टिरॉइड लिहून दिले असेल तर गोष्ट वेगळी. ते त्यांच्या सांगण्याप्रमाणेच घ्यायचे आणि त्यांच्या सांगण्यावरूनच कमी करायचे.

भाऊ, एक प्रश्न विचारतो. फिलाडेल्फिया असलेल्या रुग्णांना प्रत्यारोपणानंतरही इमॅटिनिब किंवा डॅसॅटिनिबची गोळी बहुधा सुरू करतात. ती सुरू आहे का, आणि रोज घेतली जाते का?

पऱ्हाटी | १७ जुलै, दुपारी २.३५

डॉक्टरसाहेब, आपण नेमके तेच विचारले. शंभराव्या दिवसानंतर डॅसॅटिनिब सुरू झाली होती. जूनच्या मध्याला ती संपली. पहिली पेरणी पावसाच्या खंडाने मोडली, दुबार पेरणीसाठी बियाणे आणायचे होते, हातात पैसा नव्हता. गोळ्या आमच्या तालुक्यात मिळत नाहीत. भाऊ म्हणाला की आठ तारखेला मुंबईला जायचेच आहे, तेव्हाच घेऊ. मी हो म्हणालो. बावीस दिवस गोळी नव्हती, आणि आठ तारखेच्या भेटीत डॉक्टरांना हे आम्ही सांगितलेही नाही, कारण सांगायची लाज वाटली.

आज सकाळी फोन करून सगळे खरे सांगितले. त्यांनी गोळी न चुकता सुरू ठेवायला सांगितली आहे आणि मज्जेची तपासणीही २१ तारखेलाच करणार आहेत.

वैनगंगेकाठी | १७ जुलै, रात्री १०.०५

पऱ्हाटीभाऊ, तुम्ही फोन केलात हे फार चांगले झाले. आम्ही जे केले नाही ते तुम्ही वेळेत केले आहे, म्हणून आमची गोष्ट सांगते.

माझ्या मुलीला एएमएल हा रक्ताच्या कर्करोगाचा दुसरा प्रकार झाला तेव्हा ती २२ वर्षांची होती. तिच्या आजारात एनपीएम१ नावाचा बदल होता, आणि पुढे पीसीआरने पाहायची खूण तीच ठरली. भावंड नसल्यामुळे तिच्या वडिलांच्या पेशी दिल्या, म्हणजे अर्धी जुळणी. सहा महिन्यांपर्यंत सगळे रिपोर्ट निरंक आले. नवव्या महिन्यात एनपीएम१ पुन्हा दिसू लागला. मज्जा सूक्ष्मदर्शकाखाली साफ, सीबीसी उत्तम, पोरगी घरात केर काढते, अंगणात रांगोळी घालते. डॉक्टरांनी सांगितले की चार आठवड्यांनी पुन्हा या, आकडा वाढला असेल तर लगेच उपचार सुरू करू. तेव्हा भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी सुरू झाली होती. मजूर मिळत नव्हते, वरून अवकाळी पावसाची भीती. मी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मनाशी म्हटले की चुरणे आटोपू दे, मग जाऊ. चाराचे दहा आठवडे झाले. एका सकाळी तिने दात घासले आणि थुंकी लाल निघाली. त्याच दिवशी नागपूर गाठले. रक्तात ब्लास्ट ३१ टक्के होते.

नवव्या महिन्यात गेलो असतो तर काय झाले असते, याचे उत्तर कोणताही डॉक्टर देणार नाही आणि मीही आता विचारत नाही. पण जी गोष्ट थोड्या औषधावर निभावण्याची आशा होती, तिच्यासाठी दोन महिने रुग्णालयात काढावे लागले.

उपचारात आधी ॲझासिटिडीन आणि नंतर तिच्या वडिलांच्या लिम्फोसाइट पेशी थोड्या थोड्या प्रमाणात तीन वेळा दिल्या. त्याला डीएलआय म्हणतात. दात्याच्या पेशींनी उरलेल्या रोगट पेशींना ओळखून मारावे, यासाठी ते असते. डीएलआय देण्यापूर्वी डॉक्टरांनी आणखी एक तपासणी केली, ती मी कधी विसरणार नाही. अर्ध्या जुळणीत वडिलांच्या पेशी रुग्णाच्या ज्या भागाला परका समजून हल्ला करतात, तो आईकडून आलेला असतो. काही वेळा रोगट पेशी लपण्यासाठी नेमका तोच भाग टाकून देतात, आणि मग त्याच दात्याच्या पेशी पुन्हा देऊन फारसा उपयोग होत नाही. माझ्या मुलीच्या रक्तातील आजाराने माझा वाटा टाकला आहे का, हे ते शोधत होते. तो टाकलेला नव्हता.

दुसऱ्या डीएलआयनंतर तळहातांवर पुरळ उठले, जुलाब झाले. जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींचा रुग्णाच्याच शरीरावर हल्ला, झाला म्हणून आम्ही घाबरलो. डॉक्टर म्हणाले की तो फार वाढू द्यायचा नाही, पण थोडासा झाला तर दात्याच्या पेशी काम करत आहेत असाही त्याचा अर्थ असतो. आता तीन वर्षे झाली. एनपीएम१ आढळत नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिच्या तारखा लाल शाईने लिहिते आणि धान त्यांच्या मागे ठेवते.

सातवा पावसाळा | १८ जुलै, सकाळी ९.३०

ताई, आपले लिहिणे वाचून बराच वेळ काही सुचले नाही.

मी स्वतः रुग्ण आहे. चंद्रपूर जिल्हा, एएलएल, बहिणीच्या पेशी; प्रत्यारोपणानंतरचा हा माझा सातवा पावसाळा. पहिले वर्षभर दर तीन महिन्यांनी मज्जा, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा भेट आणि रक्त, असे माझे वेळापत्रक होते. प्रत्येकाचे वेगळे असते, तेव्हा माझ्यावरून आपले ठरवू नये. दाता बहीण असल्याने माझ्या पेशी एक्सएक्स की एक्सवाय हे फिश नावाच्या गुणसूत्रांच्या तपासणीनेही पाहता येत असे. दोन भावांमध्ये तो मार्ग नसतो.

पऱ्हाटीभाऊंनी घरी काय पाहायचे ते विचारले होते. अकारण निळे डाग, हिरड्यांतून रक्त, हाडांत खोलवर दुखणे, रात्री घामाने अंथरूण भिजणे, हे सर्वांना ठाऊक असते. कमी बोलले जाते ते असे की आजार मज्जा साफ असतानाही दुसरीकडे डोके वर काढू शकतो. मेंदूभोवतीच्या पाण्यात आला तर सकाळची डोकेदुखी, उलटी, एखादी वस्तू दोन दिसणे, तोंड एका बाजूला वाकडे होणे अशा गोष्टी होतात. त्वचेखाली न दुखणारी गाठ येऊ शकते. मुलांमध्ये अंडकोषाला न दुखणारी सूज येऊ शकते, आणि आपल्याकडची मुले हे आईला सांगत नाहीत, वडिलांनाही सांगत नाहीत. आपण मोठे भाऊ आहात. भावाला स्पष्ट सांगा की महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी स्वतः तपासायचे आणि फरक वाटला तर तुम्हाला सांगायचे. मला हे माझ्या मेव्हण्याने सांगितले होते. त्यासाठी मी त्याचा ऋणी आहे.

आणखी एक. माझी बहीण सिकलसेलची वाहक आहे, म्हणजे एएस. प्रत्यारोपणानंतर गावातल्या सिकलसेल तपासणी शिबिरात माझाही रिपोर्ट एएस आला आणि घरात रडारड सुरू झाली. वास्तविक तो बहिणीच्या पेशी माझ्यात नांदत असल्याचा पुरावा होता. रक्तगटही माझा ओ होता, आता तिचा बी आहे. भावाच्या खिशात प्रत्यारोपणाची तारीख, दात्याचा रक्तगट आणि "रक्त द्यावे लागल्यास विकिरण दिलेले (इर्रेडिएटेड) रक्त द्यावे" असे लिहिलेले कार्ड नेहमी असू द्या. तालुक्याच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता आपल्यापाशी समजावून सांगायला वेळ नसतो.

पऱ्हाटी | २६ जुलै, रात्री ८.१५

आम्ही काल परत आलो. सूक्ष्मदर्शकांनी सांगितल्याप्रमाणे मी पहिल्या ओढीबद्दल विचारले. डॉक्टर क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी सुईपाशी धरलेली नळी मला दाखवली. तिच्यावर "एमआरडी, पहिली ओढ" असे आधीच लिहिलेले होते.

मज्जा सूक्ष्मदर्शकाखाली साफ आहे. फ्लोमध्ये एमआरडी ०.०३ टक्के आला. आठ तारखेच्या रक्तातील बीसीआर-एबीएल ०.०८ टक्के आला; शंभराव्या दिवशी तो आढळला नव्हता. डॉक्टरांनी समजावले की आजार पुन्हा हालचाल करू लागला आहे, पण तो अजून रेणूंच्या पातळीवर आहे, आणि ही वेळ हातची घालवायची नाही. डॅसॅटिनिब रोज, एकही दिवस न चुकता. सायक्लोस्पोरिन दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची, म्हणजे माझ्या पेशींवरचा लगाम सैल होईल. मात्र तोंड येणे, पुरळ, जुलाब, डोळे पिवळे होणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी फोन करायचा. गोळी बदलावी लागेल असा बदल आजारात झाला आहे का, हे पाहण्याची चाचणी इतक्या कमी प्रमाणात नीट होत नाही, म्हणून आकडा वाढला तरच ती करतील. माझ्या डीएलआयसाठीच्या तपासण्या करून ठेवल्या आहेत.

आईला समजले ते वेगळ्याच मार्गाने. आमच्याकडे कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात. बोंड बाहेरून हिरवेगार दिसते आणि आत अळी सरकी खात असते, म्हणून बोंडाकडे न पाहता सापळ्यातले पतंग मोजायचे. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले की फवारणीचे पाहायचे. आईने मागची तीन वर्षे हे पतंग स्वतः मोजले आहेत. तिला सांगितले की मुंबईची तपासणी म्हणजे तो सापळा आहे. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने गोळ्यांचा डबा देवळीतून काढून चुलीसमोरच्या फळीवर ठेवला. आता रात्री गोळी गिळेपर्यंत ती त्याच्यासमोरून उठत नाही.

सूक्ष्मदर्शक | २६ जुलै, रात्री ९.४०

भाऊ, ९४ टक्के आणि ०.०८ टक्के यांचा मेळ आता लागतो: रुग्णाच्या परतलेल्या पेशींपैकी फारच थोड्या रोगट आहेत. पुढचा बीसीआर-एबीएल त्याच प्रयोगशाळेत करा. एएलएलमध्ये बहुधा पी१९० प्रकार असतो आणि त्याची मोजणी प्रयोगशाळेगणिक थोडी बदलते. दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून वाढ किंवा घट ठरवणे धोक्याचे आहे. आणि बदल दहापटींत पाहायचा असतो. ०.०८ चे ०.०६ झाले तर हुरळून जाऊ नका, ०.०८ चे ०.००८ झाले तर ते खरे घटणे.

संत्राबाग | २७ जुलै, दुपारी १२.२०

आमच्या काकूंचे प्रत्यारोपण पुढील महिन्यात आहे, म्हणून हा धागा मी उतरवून घेत आहे. एवढ्या फेऱ्यांचा प्रवासखर्च आपण सर्व कसा भागवता? आणि डीएलआयनेही आजार हटला नाही तर पुढे काही असते का?

वैनगंगेकाठी | २७ जुलै, दुपारी ३.००

रुग्णालयाकडून रेल्वेच्या नमुन्यातील प्रमाणपत्र घ्या. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा नियमित तपासणीसाठी जाताना शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात भाड्यात पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. फेरतपासणीलाही ती मिळते, हे अनेकांना माहीत नसते. समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच भेटीत भेटा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज त्यांनीच आमच्याकडून भरून घेतला होता.

तालुक्याचा डॉक्टर | २७ जुलै, रात्री १०.३०

संत्राबाग, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजाराच्या प्रकारावर अवलंबून आहे. डीएलआयचा मार्ग १९९० मध्ये जर्मनीतील कोल्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीएमएल, म्हणजे हळूहळू वाढणाऱ्या एका ल्युकेमियाच्या रुग्णांमध्ये दाखवला. सीएमएलमध्ये तो उत्तम चालतो, तीव्र ल्युकेमियात तेवढा नाही, आणि आजार थोडा असतानाच दिला तर अधिक चालतो. बी-सेल एएलएलमध्ये ब्लिनाटुमोमॅब हे औषध आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअल यांच्या संशोधनातून तयार झालेल्या कार-टी पेशींच्या, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देण्याच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली आहे. तोही बी-पेशींच्या आजारांसाठी आहे. काही निवडक रुग्णांचे दुसऱ्यांदा प्रत्यारोपणही करतात. यांतील बहुतेक वाटा आजार कमी प्रमाणात असताना अधिक मोकळ्या असतात.

पऱ्हाटी | ३० ऑगस्ट, सायंकाळी ६.४५

सर्वांना कळवायचे राहू नये म्हणून पोळ्याची धांदल बाजूला ठेवून लिहितो आहे.

१८ ऑगस्टला रक्त दिले होते. काइमेरिझम ९८ टक्के आहे. बीसीआर-एबीएल ०.००६ टक्के, त्याच प्रयोगशाळेतून. सायक्लोस्पोरिन निम्म्यावर आली आहे. गेल्या आठवड्यात भावाच्या गालाच्या आतून पांढऱ्या जाळीसारखे उमटले आणि तिखट सोसेनासे झाले. फोटो काढून पाठवला, त्यांनी तोंडात गुळण्या करायचे औषध दिले आणि एवढ्याशा जीव्हीएचडीला घाबरू नका म्हणून सांगितले. डीएलआय सध्या थांबवले आहे. प्लेटलेट १ लाख ७२ हजार आहेत, स्मिअर आमच्या तालुक्याच्या पॅथॉलॉजिस्टने स्वतः पाहिली.

मी दोनशे पानांची एक वही केली आहे. डाव्या पानावर तारीख आणि प्रत्यारोपणापासूनचा दिवस, उजव्या पानावर सीबीसी, काइमेरिझम, बीसीआर-एबीएल आणि त्या दिवशी किती गोळ्या शिल्लक आहेत तो आकडा. गोळ्या पंधरावर आल्या की भाऊ स्वतः औषध दुकानदाराला फोन करतो. सातवा पावसाळा यांनी सांगितलेली गोष्टही मी त्याच्याशी बोललो. तो आधी रागावला, मग म्हणाला की हे आधीच कोणी सांगायला हवे होते.

पुढील मज्जा ९ ऑक्टोबरला, २७३ व्या दिवशी आहे. तेव्हा आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी लागलेली असेल. वेचणीसाठी मामा येऊन राहणार आहेत, आणि धामणगावहून सुटणाऱ्या रात्रीच्या गाडीची आम्हा दोघांची तिकिटे काल काढली.